गुन्हेगाराच्या मनाचा माग : अंतर्ज्ञान किती, अभ्यास किती?

घटनास्थळी एक शांत, काहीसा अबोल माणूस येतो. भिंतीवरचे डाग, उलटलेली खुर्ची, अर्धवट उघडे कपाट यांवरून त्याची नजर फिरते. तो डोळे मिटतो आणि खुनी कसा आला, काय बोलला, कशाने चिडला हे त्याला जणू प्रत्यक्ष दिसू लागते. थॉमस हॅरिस यांच्या 1981 मधील ‘रेड ड्रॅगन’ या कादंबरीतील विल ग्रॅहम या नायकाने ही प्रतिमा रूढ केली. 1991 मध्ये पडद्यावर आलेल्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ने आणि पुढे ‘क्रिमिनल माइंड्स’, ‘माइंडहंटर’ यांसारख्या मालिकांनी ती घरोघरी पोहोचवली. आपल्याकडच्या परकायाप्रवेशाच्या कथांची आठवण व्हावी, असेच हे चित्र आहे. साहजिकच, ज्यांना समोरच्याच्या मनातले चटकन उमगते, दुसऱ्याचे दुःख पाहून ज्यांचे मन हेलावते, अशा अनेक तरुण-तरुणींना ‘क्रिमिनल प्रोफायलिंग’ हे आपल्यासाठीच निर्माण झालेले क्षेत्र आहे, असे वाटू लागते. व्यक्तिमत्त्व-चाचणीत ‘अंतर्ज्ञानी आणि भावनाप्रधान’ असा निष्कर्ष हाती पडला, की ही समजूत अधिकच पक्की होते.

ती कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी या विद्येचा इतिहास, तिची पद्धत आणि तिच्या चुका या तिन्हींकडे पाहावे लागते. या चुकांची किंमत बहुधा भलत्याच माणसाला मोजावी लागते. म्हणून हा प्रश्न व्यवसाय-मार्गदर्शनापुरता उरत नाही.

प्रोफायलिंग म्हणजे काय?

गुन्हा कसा घडला, कोठे घडला, बळी कोण होता, गुन्हेगाराने काय केले आणि काय करण्याचे टाळले, या तपशिलांवरून अज्ञात गुन्हेगाराचे वय, राहणी, व्यवसाय, स्वभाव, राहण्याचे ठिकाण यांविषयी तर्कशुद्ध अनुमान बांधणे म्हणजे प्रोफायलिंग. त्यातून गुन्हेगाराचे नाव मिळत नाही. तपासाची दिशा ठरते, शेकडो संशयितांतून कोणाकडे आधी पाहावे याचा क्रम लागतो, चौकशी कशी करावी याविषयी सल्ला मिळतो.

याचे पहिले प्रसिद्ध उदाहरण लंडनमधील. 1888 मध्ये ‘जॅक द रिपर’च्या खुनांनी शहर हादरले असताना पोलीस शल्यचिकित्सक डॉ. थॉमस बाँड यांनी 10 नोव्हेंबर रोजी एक अहवाल दिला. खुनी अंगाने बळकट असला तरी दिसायला शांत, निरुपद्रवी, मध्यमवयीन आणि नीटनेटक्या पोशाखातला असावा. त्याला शरीररचनेचे ज्ञान नसावे, असे त्यांनी लिहिले. हे सारे त्यांनी जखमांच्या परीक्षणावरून मांडले होते. ते बरोबर होते की चूक, हे मात्र ठरू शकले नाही. कारण रिपर सापडलाच नाही. आपल्या अनुमानाचा निकाल कधीच न कळणे, हे या व्यवसायाचे लक्षण त्याच्या जन्मापासूनचे आहे.

एका आख्यायिकेची उलटतपासणी

अंतर्ज्ञानाचा विजय म्हणून ज्याचा दाखला वारंवार दिला जातो, तो प्रसंग न्यूयॉर्कचा आहे. 1940 ते 1956 या काळात एका अज्ञात माणसाने शहरातील चित्रपटगृहे, रेल्वेस्थानके, ग्रंथालये अशा ठिकाणी किमान 33 बॉम्ब ठेवले. पंधरा जण जखमी झाले. अखेर 1956 मध्ये पोलिसांनी मनोविकारतज्ज्ञ डॉ. जेम्स ब्रसेल यांना पाचारण केले. पत्रे आणि छायाचित्रे पाहून ब्रसेल यांनी वर्णन केले आणि पकडला जाईल तेव्हा त्याने दुहेरी बटणांचा कोट घातलेला असेल, बटणे लावलेली असतील, असे भाकीतही केले. जानेवारी 1957 मध्ये जॉर्ज मेटेस्की याला अटक झाली. पोलिसांबरोबर निघताना त्याच्या अंगात खरोखरच तसा कोट होता.

ही कथा मोहक असली तरी ती येथे संपत नाही. मेटेस्की सापडला तो एका कारकून महिलेच्या चिकाटीमुळे. ज्या वीज कंपनीवर त्याचा राग होता, त्या कंपनीच्या जुन्या नुकसानभरपाईच्या फायली ती चाळत होती. वृत्तपत्राला आलेल्या पत्रांतील काही शब्दप्रयोग एका फायलीतील भाषेशी जुळत असल्याचे तिच्या ध्यानात आले. 1931 मध्ये कामावर असताना झालेली इजा आणि नाकारली गेलेली भरपाई, हे त्याच्या सूडाचे मूळ होते. शिवाय ब्रसेल यांनी 1968 च्या आपल्या पुस्तकात सांगितलेली भाकिते आणि 1956 च्या डिसेंबरात वृत्तपत्रांत छापून आलेले वर्णन यांत तफावत आहे. पुस्तकात चुकलेल्या गोष्टी गळाल्या आणि बरोबर ठरलेल्या ठळक झाल्या. मात्र ब्रसेल यांचे एक काम निःसंशय उपयोगी ठरले. वर्णनाला जाहीर प्रसिद्धी द्यावी, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातूनच पुढचा पत्रव्यवहार घडला आणि इजेचा तपशील बाहेर आला.

क्वांटिकोची शाळा

या विद्येला संस्थात्मक रूप दिले ते अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने. 1972 मध्ये क्वांटिको येथे वर्तनविज्ञान विभाग सुरू झाला. हॉवर्ड टेटन आणि पॅट्रिक मुलानी हे त्याचे आद्य अध्यापक. पुढे रॉबर्ट रेस्लर आणि जॉन डग्लस यांनी तुरुंगांत जाऊन 36 खुन्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. या उपक्रमाला शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय मनोरुग्ण-परिचर्येच्या प्राध्यापक अॅन बर्जेस यांना जाते. मुलाखत कोणत्या प्रश्नांनी घ्यायची, उत्तरांची नोंद कशी ठेवायची, याचा आराखडा त्यांनी आखून दिला. बलात्कार-पीडितांसोबत काम करून त्या या क्षेत्रात आल्या होत्या. म्हणजे सहवेदना त्यांच्यापाशी होती. परंतु तिला त्यांनी नोंदवहीची जोड दिली.

या अभ्यासातून ‘सुसंघटित’ आणि ‘विस्कळीत’ असे गुन्हेगारांचे दोन वर्ग पुढे आले. हे वर्गीकरण लोकप्रिय झाले खरे. पण 2004 मध्ये डेव्हिड कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शंभर खुनांची माहिती तपासली, तेव्हा असे दोन स्वच्छ गट आढळले नाहीत. अनुभवी तपास अधिकाऱ्यांच्या मनात घट्ट बसलेली विभागणी आकड्यांच्या कसोटीस उतरली नाही.

कँटर हे ब्रिटनमधील ‘अन्वेषण मानसशास्त्रा’चे प्रवर्तक. 1986 मध्ये लंडन परिसरातील रेल्वेमार्गांलगत घडणाऱ्या बलात्कार आणि खुनांच्या तपासात त्यांनी पोलिसांना साहाय्य केले. घटनांची ठिकाणे आणि तारखा त्यांनी नकाशावर मांडल्या. आरंभीचे गुन्हे घराजवळ घडतात आणि पुढे परीघ वाढत जातो, या तर्कावरून गुन्हेगार किलबर्न भागात राहत असावा, विवाहित पण निपुत्रिक असावा, संसारात बेबनाव असावा आणि त्याला रेल्वेची चांगली माहिती असावी, असे अनुमान त्यांनी मांडले. पोलिसांच्या सुमारे दोन हजार संशयितांच्या यादीत बराच खाली असलेला जॉन डफी याच्याशी हे वर्णन जुळले. 1988 मध्ये त्याला जन्मठेप झाली. कँटर मूळचे पर्यावरणीय मानसशास्त्राचे अभ्यासक. माणसे शहरात कशी वावरतात, हा त्यांचा विषय. तोच येथे कामी आला.

जेव्हा ‘आतला आवाज’ चुकतो

15 जुलै 1992. लंडनच्या विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळरानावर रेचेल निकेल या तरुण आईचा तिच्या दोन वर्षांच्या मुलासमोर खून झाला. देशभर संताप उसळला. एका नामवंत मानसशास्त्रज्ञाने खुन्याचे वर्णन तयार केले आणि पोलिसांची नजर त्याच परिसरातील एका एकलकोंड्या तरुणावर स्थिरावली. वर्णन त्याला चपखल बसते, असे सर्वांना वाटले. सबळ पुरावा मात्र नव्हता. मग एका महिला पोलिसाने वेषांतर करून त्याच्याशी अनेक महिने मैत्रीचे नाटक केले. त्याच्या मनातील विकृत कल्पना बाहेर याव्यात आणि त्यातून कबुली मिळावी, अशी ही योजना होती. कबुली मिळाली नाही. तरीही त्याला अटक झाली आणि तेरा महिने तो कोठडीत राहिला. सप्टेंबर 1994 मध्ये न्यायाधीशांनी पोलिसांच्या या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढून हा पुरावा फेटाळला आणि त्याची मुक्तता झाली.

खरा खुनी रॉबर्ट नॅपर मोकळाच होता. नोव्हेंबर 1993 मध्ये, म्हणजे तो निरपराध तरुण कोठडीत असतानाच, नॅपरने आणखी एका आईचा आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीचा बळी घेतला. निकेल खुनातील त्याचा सहभाग पुढे डीएनए चाचणीतून उघड झाला आणि डिसेंबर 2008 मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा मान्य केला. भलत्याच माणसाला त्याच वर्षी सात लाख पौंडांहून अधिक भरपाई मंजूर झाली. त्याच्या आयुष्यातील वाया गेलेली चौदा-पंधरा वर्षे आणि मधल्या काळात गेलेले दोन जीव यांची भरपाई कोणत्याच रकमेने होणारी नव्हती.

एखादे वर्णन ‘जुळते’ असे वाटणे किती फसवे असते, हे 2003 मध्ये लॉरेन्स अॅलिसन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या एका प्रयोगाने दाखवले. एकच प्रोफाइल त्यांनी पोलीस अधिकाऱ्यांना दिले. अर्ध्यांना खऱ्या गुन्हेगाराची माहिती पुरवली, उरलेल्यांना बनावट. दोन्ही गटांतील बहुसंख्यांना प्रोफाइल बऱ्यापैकी अचूक वाटले. राशिभविष्यातील मोघम वाक्ये प्रत्येकाला आपलीच वाटतात, तशीच ही गत. 2002 च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन परिसरात दबा धरून गोळ्या घालणाऱ्या खुन्याविषयी वाहिन्यांवरील अनेक तज्ज्ञांनी तो एकटा गोरा पुरुष असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात पकडले गेले ते दोघे, आणि दोघेही कृष्णवर्णीय.

व्यक्तिमत्त्व-चाचणीचा आधार किती?

‘अंतर्ज्ञानी-भावनाप्रधान’ हा शिक्का प्रामुख्याने ‘मायर्स-ब्रिग्ज’ चाचणीतून येतो. कार्ल युंग यांच्या 1921 मधील व्यक्तिमत्त्व-प्रकारांच्या सिद्धान्तावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी ती तयार केली. गंमत म्हणजे, चाचणी रचण्यापूर्वी इसाबेल यांनी एक खून-रहस्यकथा लिहून पारितोषिकही मिळवले होते. ही चाचणी माणसांची सोळा प्रकारांत विभागणी करते. मात्र काही आठवड्यांनी ती पुन्हा दिली, तर अनेकांचा प्रकार बदलतो. मधल्या पट्ट्यात असलेल्या माणसाला इकडच्या किंवा तिकडच्या चौकटीत ढकलावे लागते, हा तिचा अंगभूत दोष आहे. नोकरीसाठी उमेदवार निवडताना तिचा वापर करू नये, असे तिचे प्रवर्तकच सांगतात. तेव्हा चाचणीतील चार अक्षरांवरून कोणी या व्यवसायास योग्य किंवा अयोग्य ठरत नाही.

प्रश्न उरतो तो प्रत्यक्ष गुणांचा. अंतर्ज्ञान कधी विश्वासार्ह ठरते, यावर डॅनियल काहनमन आणि गॅरी क्लाइन या भिन्न मतांच्या दोन संशोधकांनी 2009 मध्ये एकत्रित लेख लिहिला. परिस्थितीत स्थिर नियमितता असली आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे वारंवार, लवकर कळत असले, तरच अंतर्ज्ञान मुरते, असा त्यांचा निष्कर्ष. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला छत कोसळणार हे आधी जाणवते, ते यामुळेच. प्रोफायलरला अशी शाळा मिळत नाही. प्रकरणे विरळ, प्रत्येक वेगळे, आणि निकाल यायला कित्येक वर्षे. त्याचे अंतर्ज्ञान चुकले तरी ते चुकल्याचे त्याला कळेलच असे नाही.

ऑस्ट्रेलियातील रिचर्ड कॉक्सिस यांच्या प्रयोगांतून याला दुजोरा मिळतो. एका प्रयोगात प्रोफायलर, पोलीस, मानसशास्त्रज्ञ, विद्यार्थी आणि अतींद्रिय शक्तीचा दावा करणारे अशा गटांना एकाच प्रकरणाची कागदपत्रे देण्यात आली. प्रोफायलर एकंदरीत सरस ठरले. अतींद्रियवाल्यांच्या उत्तरांत मात्र खुन्याविषयीच्या रूढ कल्पनांपलीकडे फारसे काही नव्हते. 2002 मधील दुसऱ्या प्रयोगात तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अनुभवी तपास अधिकाऱ्यांना मागे टाकले. वस्तुनिष्ठ विचार करण्याची सवय येथे वरचढ ठरली, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. या प्रयोगांत सहभागी झालेल्यांची संख्या लहान होती आणि ब्रेंट स्नूक यांच्यासारख्या टीकाकारांनी प्रोफायलरांच्या सरसतेवरच शंका घेतली आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ब्रिटनमधील 1995 च्या एका पाहणीत 184 प्रकरणांपैकी बहुतेकांत सल्ला उपयुक्त वाटल्याचे पोलिसांनी सांगितले. पण त्यातून गुन्हेगाराची ओळख पटल्याची उदाहरणे तीन टक्क्यांहूनही कमी होती.

सहवेदनेचे दोन चेहरे

सहवेदना या शब्दात दोन वेगळ्या क्षमता दडलेल्या आहेत. समोरचा काय विचार करतो आहे हे बुद्धीने ओळखणे ही एक. त्याला जे वाटते ते स्वतःलाही वाटणे ही दुसरी. पहिली प्रोफायलरला अत्यावश्यक आहे. ‘बळीच्या जागी मी असतो तर दार उघडले असते का? मग तिने का उघडले?’ हा प्रश्न सुचण्यासाठी ती लागते. दुसरीचा अतिरेक झाला, तर माणूस या कामात टिकत नाही. दिवसचे दिवस छिन्न देहांची छायाचित्रे पाहणे, लहान मुलांच्या जबान्या वाचणे, छळाच्या ध्वनिफिती ऐकणे हे या कामाचे नित्यकर्म. दुसऱ्याच्या आघाताने स्वतः घायाळ होण्याच्या या अवस्थेचा अभ्यास मानसशास्त्रात 1990 च्या दशकापासून होत आला आहे. झोप उडणे, घरच्यांविषयी सतत धास्ती वाटणे, जगावरचा विश्वास उडणे ही तिची लक्षणे. जॉन डग्लस 1983 मध्ये सिअॅटलमधील तपासादरम्यान मेंदूज्वराने मरणाच्या दारात पोहोचले होते; कामाचा अतोनात ताण त्यामागे असल्याचे त्यांचे मत होते.

आणखी एक धोका आहे. सहवेदना निःपक्षपाती नसते. बळीच्या कुटुंबाचे अश्रू पाहिल्यावर कोणीतरी लवकर पकडला जावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. आणि तो ‘कोणीतरी’ बहुधा विचित्र, एकाकी, लोकांना न आवडणारा माणूस असतो. विम्बल्डनच्या प्रकरणात हेच घडले.

तरीही सहवेदनेचे मोल कमी होत नाही. स्वीडनमध्ये 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खून आणि लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना त्यांच्या चौकशीविषयी विचारण्यात आले. जेथे चौकशी करणाऱ्याची वागणूक माणुसकीची होती, तेथे कबुलीचे प्रमाण अधिक दिसले. मुंबईचे उदाहरणही बोलके आहे. 1968 मध्ये फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांचे खून करणारा रमण राघव हा रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालील तपासात सापडला, तो उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी वर्णन आणि छायाचित्रावरून त्याला रस्त्यात ओळखले म्हणून; बोटांच्या जुन्या ठशांनी ओळख पक्की झाली. दोन दिवस तो तोंड उघडत नव्हता. अखेर ‘काय हवे’ असे विचारल्यावर त्याने कोंबडीचे जेवण मागितले, ते मिळाले आणि तो बोलू लागला. माग लागला तो दप्तराने आणि तीक्ष्ण नजरेने. बोलते केले ते मात्र साध्या माणूसपणाने.

संधी कोठे आहेत?

‘प्रोफायलर’ नावाची थेट भरती कोठेच होत नाही. अमेरिकेत आधी विशेष एजंट म्हणून काही वर्षे तपासकाम करावे लागते. मग निवड झाल्यास वर्तन-विश्लेषण विभागाचे दार उघडते. ब्रिटनमध्ये आता ‘वर्तनविषयक अन्वेषण सल्लागार’ हे नाव रूढ असून सल्ल्यामागील आधार लेखी मांडणे त्यांच्यावर बंधनकारक मानले जाते. भारतात पोलीस दलात असे स्वतंत्र पद नाही. न्यायसहायक प्रयोगशाळांतील मानसशास्त्र विभाग हे सर्वांत जवळचे क्षेत्र. तेथेही सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या ‘सेल्वी’ निकालाने संमतीविना नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या आहेत. प्रोफाइल हा गुन्ह्याचा पुरावा ठरत नाही. आरोपीचा स्वभाव वाईट आहे, एवढ्यावर न्यायालय त्याला दोषी धरत नाही.

मानसशास्त्रातील पदवीनंतर न्यायसहायक वा चिकित्सा मानसशास्त्र किंवा गुन्हेगारीशास्त्र हा शिक्षणाचा मार्ग आहे. 2020 च्या कायद्याने स्थापन झालेले गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आणि त्याचे गोव्यातील केंद्र, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, तसेच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था हे परिचित पर्याय. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद 2024 मध्ये अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत असल्याने या शाखेची गरज वाढणार आहे.

अतिसंवेदनशील मनाच्या तरुणांसाठी याच परिसरात अन्य वाटाही आहेत. 2012 च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार पीडित बालकाला आधार देणारी व्यक्ती, पोलिसांच्या भरोसा कक्षातील समुपदेशक, कारागृहातील मानसशास्त्रज्ञ, अथवा 16 ते 18 वयोगटातील मुलाने घोर गुन्हा केल्याचा आरोप असताना बाल न्याय मंडळाला साहाय्य करणारा तज्ज्ञ, या सर्व भूमिकांत समोर जिवंत माणूस असतो आणि सहवेदना त्याच्या थेट उपयोगी पडते.

प्रोफायलिंगच्या बाबतीत मात्र कसोटी निराळी आहे. अंतर्ज्ञानी मनाला एखादी शक्यता इतरांआधी सुचते, हे त्याचे बळ. ती सुचल्यावर तिच्याविरुद्धचा पुरावा स्वतःहून शोधणे, आकड्यांपुढे आपला हट्ट सोडणे, ‘सांगता येत नाही’ असे लेखी देण्यास न कचरणे आणि संध्याकाळी फाइल मिटून घरी जाता येणे, या सवयी ज्याला अंगी बाणवता येतील त्याने या वाटेला जरूर जावे. ज्याला आपल्या पहिल्या जाणिवेचा मोह आवरत नाही, त्याने विम्बल्डनच्या त्या तरुणाचे तेरा महिने एकदा आठवून पाहावेत.